दर्शनी दरवाजा आणि कारागीर

अमेरिकेंत घर बांधणारा मनुष्य दर्शनी दरवाजा निवडण्यासाठीं दुकानांत गेला म्हणजे त्याच्यापुढें जे नमुने मांडले जातात, त्यांत ‘क्राफ्ट्समन’ म्हणजे कारागीर ह्या नांवाचा एक नमुना हटकून असतो. वरच्या तिसऱ्या भागांत काचेचीं तीन, चार किंवा सहा लहान तावदानें. त्यांच्या खालीं किंचित् पुढें आलेली एक अरुंद फळी. आणि तिच्याखालीं उभे, सपाट, कोणतेंहि कोरीव काम नसलेले दोन किंवा तीन दिल्हे. गोलाई नाहीं, वेलबुट्टी नाहीं, रंगहि बहुधा लाकडाचाच. इतक्या साध्या वस्तूला इतिहास तो काय असावयाचा, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ह्या दाराच्या प्रत्येक रेषेमागें एक वाद उभा आहे, आणि तो सौंदर्याचा जितका आहे त्याहून अधिक मजुरीचा आहे. दार कसें दिसावें, एवढेंच न विचारतां तें कोणी, किती तास राबून व कोणत्या स्थितींत घडवावें, असा प्रश्न ज्यांनीं विचारला, त्यांच्या हातून हें रूप जन्मास आलें. पुढें ज्यांनीं तें हजारों घरांना लावलें, त्यांना ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याची गरज भासली नाहीं.

हें दार ज्याच्या विरोधांत उभें राहिलें, तें दार प्रथम पाहिलें पाहिजे. १८७० पासून पुढें पंचवीस-तीस वर्षें अमेरिकेंतील सुखवस्तु माणसाच्या घराचा दर्शनी दरवाजा म्हणजे एक प्रदर्शनच असे. वाफेच्या यंत्रांवर कातलेले खांब, यंत्रानें कोरलेलीं फुलें, वर चिकटविलेल्या नक्षीच्या पट्ट्या, ओतीव पितळी बिजागऱ्या आणि तेजाबानें चित्रें उठविलेली काच, हें सर्व एकाच दारावर असावयाचें. गंमत अशी कीं, ह्यांतील पुष्कळ नक्षीला ‘ईस्टलेक’ असें नांव पडलें होतें. चार्ल्स ईस्टलेक ह्या इंग्रज लेखकानें १८६८ सालीं गृहसजावटीवर एक पुस्तक लिहून साधेपणाचा व सांध्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरस्कार केला होता. अमेरिकन कारखानदारांनीं त्याचें नांव उचललें आणि त्याच्या नांवावर जें कांहीं खपविलें, तें पाहून त्या गृहस्थाला आपला त्याच्याशीं संबंध नाहीं असें जाहीर करावें लागलें. साधेपणाचा उपदेश करणाऱ्याच्या नांवाचें असें भांडवल होण्याची ही पहिलीच वेळ. पुढें तसेंच आणखी एकदां घडावयाचें होतें.

अतिश्रीमंतांची हौस ह्यापलीकडची होती, आणि तिचा धागा त्या वेळच्या मुंबई इलाख्यापर्यंत पोंचतो. लॉकवुड डी फॉरेस्ट नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें १८८१ सालीं अहमदाबादेस तेथील हठीसिंग घराण्यांतील मगनभाई ह्यांच्या साहाय्यानें लाकडाच्या कोरीव कामाचा कारखाना काढला. गुजराती सुतारांनीं सागवानावर कोरलेलीं गवाक्षें, तक्ते व फर्निचर तेथून न्यूयॉर्कच्या हवेल्यांत जाऊं लागलें. १८८७ सालीं न्यूयॉर्कच्या पूर्व दहाव्या रस्त्यावर डी फॉरेस्टनें स्वतःचें जें घर बांधलें, त्याच्या दर्शनी भागावरील सागवानी गवाक्ष मूळ अहमदाबादी हाताचें आहे. हें काम अस्सल हाताचें खरें. पण तें कितीकांच्या खिशाला परवडावें?

हीच अडचण इंग्लंडांतहि आली होती. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत यंत्रानें घडविलेल्या वस्तूंचे ढीग पाहून अनेकांना विस्मय वाटला, तर कित्येकांना उबग आला. जॉन रस्किननें १८५१ ते १८५३ ह्या काळांत व्हेनिसच्या शिल्पावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील गॉथिक बांधणीवरील प्रकरणाचा आशय असा कीं, दगडावरची छिन्नी थोडी चुकली तरी चालेल, पण ती चालविणारा मनुष्य मोकळा असला पाहिजे. ज्या कामांत डोकें चालविण्यास मज्जाव आहे, तें काम कितीहि गुळगुळीत असलें तरी तें गुलामगिरीचेंच चिन्ह होय. विल्यम मॉरिसनें हा विचार प्रत्यक्षांत आणण्याचा यत्न केला. १८५९-६० मध्यें त्याच्यासाठीं फिलिप वेब ह्या शिल्पज्ञानें केंट परगण्यांत जें ‘रेड हाऊस’ बांधलें, त्याच्या टोंकदार कमानीखालचा रुंद, जाड, बिनरंगी बाण्याचा दरवाजा हा ह्या सगळ्या दारांचा पूर्वज म्हणतां येईल. १८६१ सालीं मॉरिसनें मित्रांसह कंपनी काढली. पडदे, गालिचे, खुर्च्या, काचचित्रें सर्व कांहीं हातानें होऊं लागलें. परंतु हातानें केलेली वस्तु महाग पडे, आणि महाग वस्तु धनिकांखेरीज कोण घेणार? आयुष्यभर आपण श्रीमंतांच्या चैनीचीच चाकरी करीत आहों, ही टोंचणी मॉरिसला अखेरपर्यंत लागून राहिली, आणि १८८३ मध्यें त्यानें समाजवादी चळवळींत उडी घेतली त्यामागें तिचाहि भाग होता. तो १८९६ मध्यें वारला. त्याचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न अमेरिकेंत ज्यानें हातीं घेतला, तो गुस्ताव स्टिक्ली. विस्कॉन्सिन प्रांतांतील ऑस्सिओला येथें १८५८ सालीं एका जर्मन कुटुंबांत त्याचा जन्म झाला. लहानपणींच त्याला दगड घडविण्याच्या कामाला जुंपण्यांत आलें. त्याला तें काम मुळींच आवडलें नाहीं. पुढें पेनसिल्व्हेनियांत मामाच्या खुर्च्यांच्या कारखान्यांत शिरल्यावर लाकडाशीं त्याची गांठ पडली ती जन्मभर सुटली नाहीं. न्यूयॉर्क प्रांतांतील सिराक्यूज शहराजवळ त्यानें स्वतःचा कारखाना काढला, १९०० सालीं आपलें नव्या धर्तीचें ओकचें फर्निचर बाजारांत मांडलें, आणि ऑक्टोबर १९०१ मध्यें ‘दि क्राफ्ट्समन’ नांवाचें मासिक सुरू केलें. पहिला अंक मॉरिसला वाहिलेला, दुसरा रस्किनला. सुरुवातीच्या अंकांचें बहुतेक सर्व लिखाण आयरीन सार्जेंट ह्या विदुषीच्या लेखणीचें आहे. लवकरच मासिकांतून घरांचे नकाशे येऊं लागले. वर्गणीदाराला हव्या त्या घराचा नकाशा फुकट मिळे. आज ज्याला क्राफ्ट्समन घर व क्राफ्ट्समन दार म्हणतात, त्याचें नांव ह्या मासिकावरून पडलें आहे.

स्टिक्लीच्या घरांत दर्शनी दाराला मोठें काम होतें. व्हिक्टोरियन घरांत पाहुणा प्रथम एका अंधाऱ्या दिवाणखान्यापुढच्या बोळांत थांबे, तेथें तबकांत आपल्या नांवाची चिठ्ठी ठेवी, मग आंत वर्दी जाई. स्टिक्लीनें हा सारा थाट काढून टाकला. दार उघडलें कीं मनुष्य चुलाणाजवळच्या मोठ्या खोलींत, नाहींतर फार तर एका लहानशा पडवींत येई. घरांतील माणसें तेथेंच बसलेलीं असत. ज्या घरीं नोकरचाकर नाहींत, जेथें मालकीणच दार उघडते, अशा घराचें हें दार होतें. म्हणून तें भारदस्त असलें तरी दरारा बसविणारें असतां कामा नये, असा त्याचा कटाक्ष होता.

त्याची बांधणी समजावून घेण्यासारखी आहे, कारण हें दार निवडतांना डोळ्यांपेक्षां बांधणीचेंच ज्ञान अधिक उपयोगी पडतें. लाकूड हवेंतील ओलीबरोबर फुगतें व कोरडेपणानें आकसतें. तेंहि मुख्यतः आडव्या अंगानें, लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहींच. एकसंध रुंद फळीचें दार म्हणूनच पावसाळ्यांत अडकतें व उन्हाळ्यांत तडकतें. ह्यावर जुन्या सुतारांनीं काढलेला उपाय म्हणजे दिल्हेदार दरवाजा. उभ्या व आडव्या जाड पट्ट्यांची चौकट करावयाची, पट्ट्यांच्या आंतल्या कडेला खांचा पाडावयाच्या आणि दिल्हा त्या खांचेंत सरस न लावतां नुसता बसवावयाचा, म्हणजे त्याला फुगण्या-आकसण्यास जागा राहते. चौकटीच्या कोपऱ्यांत साल-कुसवाचा सांधा हवा: आडव्या पट्टीचें टोंक तासून त्याचें कुसूं काढावयाचें, उभ्या पट्टीला भोंक पाडून तें त्यांत घट्ट बसवावयाचें. कुसूं आरपार जाऊन दुसऱ्या कडेला दिसूं द्यावयाचें, हा स्टिक्लीच्या फर्निचरचा प्रसिद्ध विशेष होय. इतर कारखानदार सांधा लपवीत. हा तो मुद्दाम दाखवी. ज्याला वस्तु कशी उभी आहे हें पाहावयाचें असेल त्यानें पाहावें, असा त्यांतील भाव होता. ह्याच तत्त्वानें दिल्ह्यांभोंवतालची गोलाईची पट्टी गेली, कारण ती सांध्याचें तोंड झांकी.

ओक हें लाकूडहि ह्याच दृष्टीनें निवडलेलें होतें. ओंडका चार उभ्या भागांत चिरून मग मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें फळ्या काढल्या, तर त्या कमी वांकतात आणि त्यांच्या अंगावर रुपेरी तुकड्यांसारखे चट्टे उमटतात. असें चिरण्यांत लाकूड बरेंच वाया जातें, म्हणून तें महाग. पण निसर्गानेंच नक्षी दिली असतां कोरणाऱ्याची गरज काय? रंगाऐवजीं अमोनियाची धुरी देत. बंद खोलींत पातेल्यांत तीव्र अमोनिया ठेवून लाकूड आंत सोडलें कीं ओकमधील टॅनिन ह्या तुरट द्रव्याशीं त्या वाफेचा संयोग होऊन लाकूड आंतूनच तपकिरी होतें. तबेल्यांतील ओकचे खांब काळवंडतात, हें पाहून ही युक्ति सुचली असें सांगतात. स्टिक्लीच्या मनासारख्या बिजागऱ्या व कड्या बाजारांत मिळेनात, तेव्हां १९०२ च्या सुमारास त्यानें तांबें-लोखंड ठोकून घडविण्याचें स्वतंत्र दुकान मांडलें. हातोड्याचे ठोके पृष्ठभागावर तसेच ठेवीत.

राहिलीं तीं वरचीं तावदानें. त्यांचें कारण घराच्या ठेवणींत आहे. हीं घरें ठेंगणीं, उतरत्या छपराचीं, पुढें रुंद व खोल ओसरी असलेलीं. अमेरिकेंत त्यांना ‘बंगलो’ म्हणतात. हा शब्द आपला, किंवा अधिक बरोबर बोलावयाचें तर बंगालचा: बंगाली पद्धतीच्या झोंपडीवरून सतराव्या शतकांत कंपनीच्या इंग्रजांनीं तो उचलला, एकोणिसाव्या शतकांत तो इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला आणि १८७९-८० च्या सुमारास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत उतरला. मराठींत बंगला म्हटला कीं बड्या साहेबाचें घर डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंत बंगलो म्हटला कीं कारकुनाचें वा कारागिराचें. एकाच शब्दाला दोन खंडांत दोन दर्जे मिळावे, ही मौज आहे. असो. खोल ओसरीमुळें दाराशीं अंधार दाटतो, म्हणून दारालाच काच हवी. पण ती खालीं असेल तर रस्त्यावरून आंतलें सर्व दिसतें. तेव्हां ती डोळ्यांच्या उंचीला किंवा तिच्याहि वर, लहान लहान तुकड्यांत आली. उजेड आंत येतो, बाहेर कोण उभें आहे तें कळतें आणि दाराचा खालचा भाग भक्कम राहतो.

हा झाला विचार. दारें प्रत्यक्षांत कोठें घडत होतीं, तें आतां पाहावयास हवें. आणि त्यासाठीं पुनः स्टिक्लीच्या जन्मप्रांतांत, विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश शहरीं यावें लागतें. उत्तरेच्या अरण्यांतील पाइनचे ओंडके नदीवाटे येथें येत. लाकडाच्या भुशावरून शहराला ‘भुशाचें गांव’ असेंच टोपणनांव पडलें होतें. दारें, खिडक्या व झडपा करणारे मोठे मोठे कारखाने येथें होते, आणि त्यांतील पेन कंपनी आपण ह्या धंद्यांत जगांत सर्वांत मोठी असल्याचें सांगे. कामगार बहुतेक जर्मन व पोलिश निर्वासित. दिवसाचे दहा तास काम, आणि मजुरी पुष्कळांना दिवसाला एका डॉलरच्या आसपास. कमी मजुरींत काम व्हावें म्हणून पुरुषांच्या जागीं बायका व मुलें यंत्रांवर आणण्यांत येऊं लागलीं.

१८९८ च्या मे महिन्यांत ह्या कामगारांनीं संप पुकारला. मजुरी वाढवा, बायकामुलांना यंत्रांवर लावूं नका, मजुरी दर आठवड्यास द्या आणि आमच्या संघाला मान्यता द्या, अशा त्यांच्या चार मागण्या होत्या. संप चौदा आठवडे चालला. कारखान्यांच्या दाराशीं कामगारांच्या बायका अंडीं व दगड घेऊन उभ्या राहिल्या; प्रांताच्या गव्हर्नरानें सैन्य पाठविलें; दंग्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा डोक्यांत सोटा बसून मेला. ऑगस्टमध्यें संप मिटला तो संघाला मान्यता न मिळतांच. त्यानंतर लांकूडकामगारांच्या संघाचा चिटणीस टॉमस किड व दोन स्थानिक कामगार ह्यांच्यावर धंद्याला अपाय करण्याचा कट केल्याचा खटला झाला. बचावासाठीं शिकागोहून क्लॅरेन्स डॅरो आला. पुढें हा वकील जगप्रसिद्ध झाला. त्या वेळीं तो एकेचाळीस वर्षांचा होता. ज्यूरीपुढील त्याचें अखेरचें भाषण दोन दिवसांत मिळून कित्येक तास चाललें. मजूर सकाळीं आंत गेले कीं कारखान्याच्या दारांना बाहेरून कुलूप लागतें, आणि मग तुरुंगांत व ह्या कारखान्यांत फरक तो काय, असा त्याच्या एका मुद्द्याचा मथितार्थ होता. जगाला दारें करून देणारी माणसें स्वतः कुलुपांत! ज्यूरीनें तासाभराच्या आंत तिघांनाहि निर्दोष ठरविलें. मजुरीचा प्रश्न अर्थातच कोर्टापुढें नव्हता.

ह्या खटल्यानंतर तीन वर्षांनीं स्टिक्लीचें मासिक निघालें. त्यानें आरंभीं आपल्या कारखान्याला ‘युनायटेड क्राफ्ट्स’ म्हणजे कारागिरांचा संघ असें नांव दिलें होतें आणि कामगारांना नफ्याचा वांटा देण्याची योजना आंखली होती. ती योजना दोन-तीन वर्षांतच मागें पडली व नांवहि बदललें. त्याच्या टीकाकारांनीं ह्याला ढोंग म्हटलें आहे. तें थोडें कठोर वाटतें. यंत्राचा त्यानें कधींच बहिष्कार केला नव्हता. चिरणें, रंधणें हीं ढोरमेहनतीचीं कामें यंत्रानें करावीं, जोडणी व शेवटचा हात माणसाचा असावा, अशी त्याची विभागणी होती. मार्च १९०१ मध्यें शिकागोच्या हल हाऊसमध्यें तरुण शिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट ह्यानें व्याख्यान देऊन ह्याहिपुढें मजल मारली: यंत्र हेंच आतां कलेचें हत्यार आहे, त्याच्याकडून खोटी नक्षी करवून घेणें हा दोष मालकाचा, यंत्राचा नव्हे. साधें, सरळ, चौकोनी रूप यंत्राला सोपें जातें हें राइटचें म्हणणें अगदीं खरें होतें. दुर्दैवानें तें कारखानदारांनाहि समजलें.

तत्पूर्वीं त्याच पंथाचें एक दार असें घडलें कीं त्याच्या तोडीचें दुसरें दाखवितां येत नाहीं. कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथें ग्रीन बंधूंनीं, म्हणजे चार्ल्स व हेन्री ह्या दोघां शिल्पज्ञांनीं, साबणाच्या प्रसिद्ध व्यापारी घराण्यांतील डेव्हिड गॅम्बल ह्यांच्यासाठीं १९०८-०९ मध्यें घर बांधलें. दोघे भाऊ शाळेंत असतांना सेंट लुई येथील हस्तकलेच्या विद्यालयांत लाकूड व धातूचें काम शिकले होते, आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत त्यांनीं जपानी मंदिराची सुतारकी पाहिली होती. गॅम्बल घराच्या दर्शनी भागीं मध्यें एक रुंद दार व दोन्ही बाजूंना दोन अरुंद दारें आहेत. वारा खेळावा म्हणून बाजूंच्या दारांची योजना. लाकूड सागवान, तेंहि ब्रह्मदेशचें. तिन्ही दारांवर व त्यांच्या वरच्या तावदानांवर मिळून रंगीत काचेचा एकच ओकवृक्ष पसरला आहे; त्याच्या फांद्या एका दारावरून दुसऱ्यावर जातात. काचकाम लॉस एंजेलिसच्या एमिल लांग ह्याचें, लाकूडकाम पीटर व जॉन हॉल ह्या स्वीडिश सुतार बंधूंच्या देखरेखीखालचें. सकाळचें ऊन मागून आलें म्हणजे तें झाड पेटल्यासारखें दिसतें. अर्थात् हें दार लक्षाधीशाचें, म्हणजे मॉरिसची टोंचणी येथेंहि आहेच. हें घर पुढें विकावयाचें ठरलें असतां गिऱ्हाईकानें आंतलें सर्व लाकूड पांढरें रंगविण्याचा बेत बोलून दाखविला, आणि तें ऐकून वारसांनीं विक्रीच रद्द केली, अशी कथा आहे. १९६६ मध्यें तें घर लोकांसाठीं देण्यांत आलें.

सामान्य माणसाचें दार मात्र टपालानें येऊं लागलें होतें. सीअर्स कंपनीनें १९०८ पासून १९४० पर्यंत संपूर्ण घरेंच्या घरें सूचीपत्रांतून विकलीं. कापून, खुणा करून तयार ठेवलेलें लाकूड आगगाडीनें यावयाचें व मालकानें किंवा गांवच्या सुतारानें तें जोडावयाचें. अशीं घरें सत्तर हजारांवर विकलीं गेलीं असावींत असा अंदाज आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग बंगलो पद्धतीचा होता. दारांचे कारखानेहि मागें नव्हते. ऑशकॉशच्या मॉर्गन कंपनीनें १९२१ सालीं काढलेलें जाडजूड सूचीपत्र प्रसिद्ध आहे. स्टिक्लीच्या दाराचें रूप, म्हणजे सपाट दिल्हे, वरचीं तावदानें व खालची फळी, अशा पत्रांतून घरोघर गेलें. स्वस्त लाकडाच्या गाभ्यावर ओकचा पातळ पापुद्रा चिकटवीत. फर्निचरवाल्यांनीं तर आरपार कुसवाची नक्कल म्हणून लाकडाचे नुसते ठोकळे बाहेरून चिकटविण्यास आरंभ केला. जो सांधा खरेपणाची साक्ष म्हणून उघडा ठेवला होता, त्याचाच दागिना झाला! ईस्टलेकच्या वांट्याला जें आलें होतें, तेंच हें. तथापि न्यायानें बोलावयाचें तर, ज्या घरांपर्यंत मॉरिसची एक खुर्चीहि कधीं पोंचली नसती, तेथें ह्या दारांनीं उजेड व नीटनेटकेपणा नेला, हेंहि विसरतां येत नाहीं.

स्टिक्लीचा शेवट ओढग्रस्तीचा झाला. १९१३ सालीं त्यानें न्यूयॉर्कमध्यें बारा मजल्यांची इमारत घेऊन दुकानें, प्रदर्शनें, वाचनालय व उपहारगृह थाटलें. तितक्यांत लोकांची आवड वसाहतकालीन पांढऱ्या घरांकडे वळली. नकला करणारे तर त्याच्या सख्ख्या भावांपर्यंत होते. मार्च १९१५ मध्यें त्याचें दिवाळें वाजलें, डिसेंबर १९१६ मध्यें मासिक बंद पडलें. नंतरचीं पंचवीस वर्षें तो सिराक्यूज येथें मुलीच्या घरीं राहिला, लाकडाला झिलई देण्याचे नवे नवे प्रयोग करीत बसे, आणि १९४२ सालीं वारला. ऑशकॉशच्या पेन घराण्याची गोष्ट निराळीच आहे. दारांच्या पैशावर नाथन पेननें १९२७ मध्यें जुन्या इंग्रजी थाटाचें, ओकच्या कोरीव कामानें भरलेलें प्रचंड घर बांधावयास घेतलें. तितक्यांत मंदी आली, काम थांबलें, शहरांत रोष वाढला, आणि त्या घरांत तें कुटुंब एक दिवसहि राहिलें नाहीं. १९४८ पासून तेथें कलासंग्रहालय आहे.

मधलीं तीस-चाळीस वर्षें क्राफ्ट्समन वस्तूंना कोणी विचारीत नव्हतें. दारें पांढऱ्या रंगाखालीं गेलीं. १९७२ मध्यें प्रिन्स्टन विद्यापीठानें ह्या चळवळीचें प्रदर्शन भरविलें तेव्हांपासून हवा पालटली. १९८८ सालीं स्टिक्लीच्या स्वतःच्या घरांतील भांडीं ठेवण्याचें एक कपाट लिलांवांत तीन लाख त्रेसष्ट हजार डॉलरांना गेलें. दुकानांतून क्राफ्ट्समन दारें पुनः मांडलीं गेलीं, आणि आज त्यांतलीं पुष्कळशीं काचतंतूच्या पत्र्याचीं असतात. आंत फेस भरलेला, वर ओकच्या रेघांचा छाप. तीं वांकत नाहींत, थंडी अडवितात, किंमतहि बेताची. ज्याला एवढेंच हवें त्यानें तीं खुशाल घ्यावींत.

लाकडाचें घ्यावयाचें असेल तर दर्शनी बाजू पाहण्याआधीं दाराची कड पाहावी. तेथें पापुद्र्याची रेघ दिसते कीं अखंड लाकूड, हें लगेच कळतें. दिल्हा हाताच्या तळव्यानें दाबला असतां किंचित् हलला तर तो मोकळा बसविलेला आहे. हा दोष नव्हे, गुण आहे. तावदानांमधल्या पट्ट्या खरोखर काचा वेगळ्या करतात कीं एका मोठ्या काचेवर चिकटविल्या आहेत, तें नखानें समजतें. दाराची रुंदी तीन फुटांहून कमी असूं नये. साडेतीन फूट असेल तर ह्या बांध्याला अधिक शोभतें, पण मग बिजागऱ्या चार हव्या. काचेखालची फळी दाराच्या अंगांत खांचेनें बसविलेली असावी, नुसत्या खिळ्यांवर नसावी. पाडलेल्या घरांचें सामान विकणाऱ्या वखारींत जुनीं दारें अजून मिळतात. पांढऱ्या रंगाचे चार-पांच थर खरवडल्यावर आंतून ओक निघाला, तर एखादा जुना स्क्रू काढून त्याच्या भोंकाची कड पाहावी. नुसता वरून रंग दिलेला असेल तर कडेलगत लाकूड पांढुरकें लागतें. अमोनियाची धुरी दिलेली असेल तर तपकिरी छटा कांहीं अंतरापर्यंत आंत गेलेली दिसते.